हूक नसलेल्या साखळ्या

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पहिली सूचना द्यायची ती डोळे मिटण्याची. दहापैकी नऊ जणी मिटत नाहीत. मनगट माझ्यापुढे, मनगटावर साखळी, साखळीची दोन टोकं जोडणारी तांदळाच्या कणीएवढी कडी, कडीखाली चामड्याची पट्टी आणि माझ्या हातात पेनाएवढी दांडी. आता ठिणगी उडणार हे एकदा कळलं की ती पाहिल्याशिवाय कोणाला चैन पडतं? म्हणून मी सांगणं सोडलं आणि काळी काचच पुढे धरायला लागले. टक् असा आवाज होतो, गव्हाच्या दाण्याएवढा उजेड पडतो आणि संपतं. मग प्रत्येकीचा प्रश्न एकच, "झालं?" झालं. आता ही साखळी निघत नाही. तिला हूक नाही, फासा नाही, फिरकी नाही. काढायचीच असेल तर कापावी लागते.

दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आधी हा धंदा व्हय का ते तरी ठरव." ह्यांचं म्हणणं तीन वर्षं तेच आहे. हे पिढीजात सोनार. ह्यांच्या मते जो दागिना उघडत नाही तो दागिना नव्हेच, ती बेडी. तरी दुकानाचा पुढचा कोपरा मला दिला, टेबल दिलं, वर पंखा लावून दिला. पंखा लावला तर आर्गॉन उडून जातो हे मी ह्यांना दोनदा सांगितलं होतं, पण ऐकतील तर ते आमचे हे कसले! आता तो पंखा फक्त गिऱ्हाईक नसताना फिरतो.

आर्गॉन म्हणजे काय ते सांगते. आम्ही सोनार लोक जोडकाम करतो ते टाक्यानं. टाका म्हणजे लवकर वितळणारा धातू. तो जोडावर ठेवायचा, टाकणखार लावायचा, फुंकणीनं ज्योत मारायची, की टाका पाण्यासारखा पळतो आणि दोन टोकं धरून ठेवतो. हे काम अंगावर करता येत नाही हे उघड आहे. मशीनमध्ये टाका नसतो. कडीची दोन टोकं स्वतःच क्षणभर वितळतात आणि एक होतात. त्या क्षणी हवा लागली तर जोड काळा आणि सच्छिद्र होतो, म्हणून दांडीतून आर्गॉन नावाचा गॅस सोडायचा. त्याचं सिलिंडर अकोल्याहून आणावं लागतं. पहिल्यांदा मी ते एसटीत घेऊन चढले, तर कंडक्टरनं मला सिलिंडरसकट उतरवलं. त्याचं बरोबरच होतं.

आमचं दुकान मालेगावला. हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. एवढं सांगितल्याशिवाय आमच्याकडचा माणूस गावाचं नाव पुरं करत नाही. माझं माहेर मानोरा. वडील तिथे सोनारकाम करायचे आणि बाजारच्या दिवशी आसपासच्या तांड्यांवरच्या बाया यायच्या. जाड चांदीचं कडं असायचं. त्याचं तोंड वडील उघडायचे, बाईचा हात त्यात घालायचे आणि लाकडी हातोडीनं ठोकून तोंड मिटवायचे. ते मग जन्मभर निघत नसे. मी सात-आठ वर्षांची असेन. आंघोळीला काय करते ही? हात जाड झाला तर? असे माझे प्रश्न. एकदा एका बाईला मी विचारलंच, की हे कडं निघतं कधी. ती हसून म्हणाली, "हात जाईन तवा." वडिलांनी मला आत पिटाळलं.

ती विचारायची खोड गेली नाही. म्हणून पुण्याच्या भाचीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, शहरातल्या पोरी मनगटावर साखळ्या जोडून घेत आहेत, तेव्हा मला त्यातलं नवल मशीनचं वाटलं, कल्पनेचं नाही. कल्पना मी मानोऱ्याला लहानपणीच पाहिलेली. मला कुतूहल वेगळंच होतं. त्या बायांना चोरी-चपाटीची भीती होती, रीत होती. या पोरींना काय पडलं आहे? ज्यांच्याकडे दर आठवड्याला नवी चप्पल येते त्यांना न निघणारी गोष्ट कशाला हवी?

हे विचारायला दुकान टाकलं म्हणा ना. दागिने घडवायचं काम घरच्या बाईला कोणी शिकवत नाही, पण पैंजणाच्या तुटक्या कड्या झाळून झाळून माझा हात बसला होता. तरी मशीननं दोन महिने रडवलं. सोनं गुणी, सांगाल तिथे वितळतं. चांदी लबाड. एका जागी दिलेली उष्णता ती क्षणात सगळीकडे पळवते, म्हणून जोर जास्त द्यावा लागतो, आणि जोर जास्त झाला की कडीचा गोळा होतो. मी स्वतःच्या डाव्या मनगटावर शिकले. तिथे अजून तीन पांढरे ठिपके आहेत. चौथा ठिपका ह्यांच्या मनगटावर आहे, आणि तो हे आल्या-गेल्याला दाखवतात.

पाटी रंगवणाऱ्यानं माझं ऐकून घेतलं आणि आपल्या मनानं लिहिलं, "येथे हातावर वेल्डिंग करून मिळेल." पहिल्या आठवड्यात एक जण ट्रॉलीची फळी घेऊन आला, एक जण पेरणीयंत्राचा फण. तिसऱ्यानं बकरीच्या गळ्यातली घंटा आणली होती, तिची कडी मी जोडून दिली. माझं पहिलं गिऱ्हाईक ती बकरी, हे मला मान्य केलं पाहिजे.

मग माणसं आली. बारावी झालेल्या दोन मैत्रिणी आल्या, एक नर्सिंगला पुण्याला निघालेली, दुसरीचं लग्न ठरून ती कारंज्याकडे धनजला जाणार. त्यांना एकाच गुंडाळीतून कापलेल्या दोन साखळ्या हव्या होत्या. मी विचारलं, कधी काढाल? दोघी माझ्याकडे असं पाहायला लागल्या की जणू मी काही अभद्र बोलले. मग लग्न ठरलेली म्हणाली, "काकू, तिथं गेल्यावर सगळं त्यायच्या पसंतीचं घालावं लागन. हे एक निघतच नाई म्हणता येईन." मला माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं तरी तिथे मिळालं.

उरलेलं अर्धं मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या एका बाईनं दिलं. ऊसतोडीला निघायच्या आधी ती आली. तिच्याजवळ आईची चांदीची साखळी होती. ती तिला मनगटाला पक्की करून हवी होती. मी नेहमीचं विचारलं. ती म्हणाली, निघत नाही म्हटलं की कोणी मागत नाही. एवढंच. घरातलं कोण ती मागत असेल, ते तिनं सांगितलं नाही आणि एरवी शंभर प्रश्न विचारणारी मी साखळीचं माप घ्यायला लागले.

तिच्यामुळे मला माझ्या धंद्यातला एक नियमही सापडला. मी तिला म्हटलं, ही जाड आहे, जाड साखळी कामाच्या हातात घालू नको. मळणीयंत्रात, चरकात, कोयत्यात अडकली तर साखळी तुटणार नाही, हात जाईल. साखळी नेहमी हातापेक्षा कच्ची पाहिजे. मी तिच्या आईच्या साखळीला मधे एक मुद्दाम नाजूक कडी घातली, ओढ लागली तर तिथे तुटेल अशी. तेव्हापासून हे मी सगळ्यांना सांगते. त्याशिवाय एका बोटाची जागा ठेवायची, पायाचं माप संध्याकाळी घ्यायचं कारण दिवसभर उभं राहून पाय सुजतो, पोटुशीला नंतर ये म्हणायचं, छातीत मशीन बसवलेल्या माणसाला हातच लावायचा नाही. मोठ्या दिमाखात सांगते मी हे सगळं. आणि हे सगळं माहीत असून मी जे केलं ते आता सांगते.

मागच्या वर्षी सोयाबीन निघायच्या सुमाराला प्रवीण नावाचा एक मास्तर आला. मेडशीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. सोबत त्याची आई होती, गयाबाई. पंचाहत्तरीची, उभट चेहऱ्याची, स्वच्छ पांढऱ्या केसांची बाई. अंगणवाडीत मदतनीस होती, मेडशीतल्या निम्म्या गावानं तिच्या हातची खिचडी खाल्लेली. दोन वर्षांपासून तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी मीठ विसरायची, मग नावं. मग ती घरातून निघून जायला लागली. मेडशीच्या फाट्यावर उभी राहायची आणि येईल त्या एसटीत बसायची. पदराच्या गाठीला पैसे असत, ठसका असे, कंडक्टरला काही संशय येत नसे. एकदा पातूरला सापडली. दुसऱ्यांदा अकोल्याला, आणि त्या वेळी दीड दिवस तिचा पत्ता नव्हता.

प्रवीणनं सगळं करून पाहिलं होतं. गळ्यात कार्ड बांधलं, ते तिनं शेजारच्या पोराला खेळायला दिलं. पोलक्याच्या आतून नंबर लिहिला, तो धुण्यात गेला. हुकाची साखळी घातली, ती भांडी घासताना काढून कोनाड्यात ठेवली. म्हणून त्याला न निघणारी पाहिजे होती. चांदीची पट्टी, तिच्यावर नंबर, आणि साखळी मजबूत, तोडू म्हटलं तरी तुटू नये अशी.

मला त्या कामाचं फार अप्रूप वाटलं. शेवटी माझ्या साखळीचा काहीतरी खरा उपयोग होता. ह्यांनाही मी विजयानं सांगितलं, बघा, बेडी म्हणत होता ना! पट्टीवर मी स्वतः कोरलं, "हरवल्यास संपर्क : प्रवीण, मेडशी" आणि खाली नंबर. प्रवीणला विचारून अक्षरांचा आकार ठरवला, प्रवीणला विचारून जाडी ठरवली. साखळी जाड घेतली. मधली नाजूक कडी घातली नाही.

गयाबाई हात पुढे करून शांत बसल्या होत्या. ठिणगी उडाली तेव्हा त्या दचकल्या नाहीत. मग त्यांनी साखळी फिरवून पाहिली, दोनदा फिरवली, आणि विचारलं, "हे कवा काढाचं?"

प्रवीण म्हणाला, "राहू दे माय. चांगलं दिसते."

आणि मी, दोन वर्षं हाच प्रश्न गिऱ्हाइकाला विचारत आलेली, हसून म्हणाले, "आजी, याले आता काढाचं कामच नाई. जन्माचं झालं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मनगटावर पदर ओढून घेतला. मला वाटलं, आवडलं.

नवव्या दिवशी प्रवीणचा फोन आला. तो म्हणाला, काकू, कापायचं काही घेऊन येता का, मायनं हात सोलून घेतला आहे. मला ती जवळ येऊ देत नाही, दवाखान्यात नेलं तर तिथेही हात देत नाही. मी कटर पिशवीत टाकला आणि मिळाली ती एसटी पकडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या गंज्या लागलेल्या होत्या आणि बस दर फाट्याला थांबत होती. मेडशीला उतरेपर्यंत मी मनात माझ्या बाजूनं बोलत होते, की पट्टीच्या कडा मी नीट घासल्या होत्या, बोटाची जागा ठेवली होती, चांदीनं कोणाला पुरळ येत नाही.

गयाबाई अंगणात धुण्याच्या दगडाजवळ बसल्या होत्या. त्या दगडावर घासून घासून त्यांनी पट्टीचा एक कोपरा झिजवला होता, आणि त्यासोबत मनगटाची कातडीही. हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्यांनी मला ओळखलं नाही. मी बाजूला जमिनीवर बसले.  दुकानात मी सगळं प्रवीणला विचारलं होतं, इथे पहिल्यांदा त्यांनाच विचारलं.

"आजी, काहून घासून राह्यल्या?"

त्यांना कालचं काही आठवत नव्हतं, पण सत्तर वर्षांपूर्वीचं सगळं जागच्या जागी होतं. त्या सावकाश बोलत होत्या, अंगणवाडीतल्या पोरांना सांगावं तसं. "माह्या मायच्या हातात कथलाचे गोट होते. दोन्ही हातात, कोपरालोक. आमच्या बायायनं तेच घालाचे, चांदी घालाची नाई, असं होतं तवा. पाह्यलं की समजे, कोनाची बाई व्हय ते. मंग तिनं नागपूरले दीक्षा घेतली. घरी आली अन् दगडानं ठेचून ठेचून काढले. विहिरीत टाकले. हात पांढरे फटक पडले होते खालून. मले म्हने, गये, आता आपल्या हातात कोनी काई अडकवाचं नाई."

मग त्यांनी फडकं सोडलं आणि पट्टी माझ्यापुढे धरली. अंगणवाडीत पोरांसोबत बसून त्या वाचायला शिकल्या होत्या आणि अक्षरं अजून त्यांना सोडून गेली नव्हती. "अन् हे पाहा. परवीन. बैलावर मालकाचं नाव घालतात तसं. माहं नाव कुठं हाय याच्यात?"

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. ज्या बाईच्या हातावर मी काम करत होते, तिचं नावसुद्धा पट्टीवर घालायचं मला सुचलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट मला तिथे बसून आठवली, ती लिहायची की नाही याचा मी बराच विचार केला. मानोऱ्याला वडिलांच्या दुकानात काही बाया सतरंजीवर बसायच्या आणि काही बाया ओट्याखाली उभ्या राहायच्या. मला हे दिसत होतं. प्रश्न विचारायची एवढी खोड असलेल्या मुलीनं तो एक प्रश्न कधी विचारला नाही.

मी साखळी कापली. जाड चांदी, सुजलेला हात, कटरचं टोक आत घालायला जागा नाही. चमच्याची दांडी मधे सरकवून एक कडी थोडी थोडी करून कापावी लागली. गयाबाईंनी हात हलवला नाही. साखळी पडली तेव्हा त्यांनी मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि धरून ठेवलं.

प्रवीण दारात उभा होता. तो माझ्यावर रागावला नाही, त्यानं रागवायला हवं होतं. तो एवढंच म्हणाला, "काकू, दीड दिवस. मी नाल्यात पाह्यलं, एकेका विहिरीत वाकून पाह्यलं. आता गेली तर मी काय करू?"

 मी गयाबाईंना विचारलं, तुमच्या नावाचं करून आणलं तर घालाल का. त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या, "नाव माहं पाह्यजे. अन् मले काढता आलं पाह्यजे." प्रवीणनं कपाळाला हात लावला, कारण काढता आलं की काय होतं ते त्याला माहीत होतं. पण तोही नको म्हणाला नाही.

दुकानात येऊन मी नवीन पट्टी कोरली. मोठ्या अक्षरात "गयाबाई", खाली "मेडशी", त्याखाली नंबर. साखळी बारीक घेतली आणि तिला हूक लावायला घेतला. न निघणाऱ्या साखळ्यांच्या माझ्या टेबलावर मी हूक लावत असताना हे पलीकडून पाहत होते. बेडीवरून टोमणा मारतील असं वाटलं होतं. उलट हूक मीच बसवून देतो म्हणाले आणि म्हाताऱ्या बोटांना उघडता येईल असा मोठा बसवून दिला.

त्यानंतर दुकानात मी एक पडदा लावला. ज्याचा हात असेल त्यानंच पडद्याच्या आत यायचं, सोबतच्यांनी बाहेर थांबायचं. मग मी विचारते, हे तुम्हाला पाहिजे का, की बाहेरच्याला पाहिजे आहे. लग्न ठरलेला एक जण होणाऱ्या बायकोला घेऊन आला होता. बाहेर तो मला विचारत होता, तिला काढता तर येणार नाही ना. आत ती म्हणाली, काकू, मशीन बिघडली म्हणून सांगा. मी सांगितलं. तो बाहेर जाऊन पाटीवरचा नंबर लिहून घेत होता, मशीन कधी दुरुस्त होते ते विचारायला. फोन येतो अधूनमधून. अजून दुरुस्त झालेली नाही. अशी गिऱ्हाइकं परत पाठवल्यामुळे धंदा वाढत नाही हे ह्यांचं म्हणणं खरं आहे.

गयाबाईंची खबर मला मिळत असे. प्रवीण शाळेच्या कामानं मालेगावला आला की डोकवायचा. म्हणायचा, भांडी घासताना काढते, खिळ्याला अडकवते आणि झालं की मागून घेते. रोज सकाळी पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचते. पुढे म्हणायला लागला, आता मागत नाही, मीच घालतो, पण घालू देते. मग एकदा म्हणाला, काल मला गुरुजी म्हणून हाक मारली. तो हे हसत सांगत होता आणि त्याच्या डोळ्यात पाणी होतं.

या वर्षी पोळ्यानंतर तो आला तो तीच साखळी घेऊन. हूक सैल झाला होता. मी हूक दाबत होते आणि तो सांगत होता. आदल्या आठवड्यात तो दुपारी शाळेत असताना गयाबाई पुन्हा गेल्या. शेजारणीनं फोन केला, तो निघाला, फाट्यावर विचारत सुटला. कोणी पाहिलं नव्हतं. तो अकोल्याच्या बाजूला निघाला होता, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. वाशीम स्टँडवरून एक कंडक्टर बोलत होता. म्हणाला, एका आजीनं चांदीची साखळी आणून दिली आहे, तिला सापडली म्हणते. कोणा गयाबाईची आहे आणि खाली तुमचा नंबर आहे. ओळख पटवून घेऊन जा.

प्रवीणनं विचारलं, आजी कुठे आहे. कंडक्टर म्हणाला, इथेच उभी आहे. ज्याची आहे त्याला मिळाल्याशिवाय हलत नाही म्हणते, माझी गाडी सुटायची वेळ झाली तरी सोडत नाही.

हातातली साखळी त्यांनी कधीतरी पाहिली असेल, नेहमीसारखं नाव वाचलं असेल, आणि ते नाव कोणाचं हे त्यांना आठवलं नसेल. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात कशी आली म्हणून त्यांनी हूक काढला आणि परत करायला कंडक्टरला गाठलं. चाळीस वर्षं अंगणवाडीत पोरांच्या पाट्या-पेन्सिली ज्याच्या त्याला परत केलेली बाई ती.

प्रवीण पोहोचला तेव्हा त्या चौकशीच्या खिडकीजवळ साखळी मुठीत धरून उभ्या होत्या. त्याला त्यांनी ओळखलं नाही.

"तुमी गयाबाईचे कोन?" त्यांनी विचारलं.

"पोरगा."

त्यांनी त्याला खालून वर पाहिलं, खात्री करून घेतली आणि मूठ उघडून साखळी त्याच्या हातात दिली. "चांदीचं हाय. बिचारी धुंडून राह्यली असन. घरी हाय का ते?"

प्रवीण म्हणाला, "चाल माय, पाहू."